माठाचा ठिपका

पायल : थांब आत्या. इथं लॅपटॉपवर एक बारका ठिपका होता, तो कुठं गेला?

जयमाला : गाळला गेला. पीएचडीचा नकाशा आहे हा पायल, रांगोळी नाही. ज्या निबंधाचा उल्लेख पाचपेक्षा कमी जणांनी केला, तो चाळणीतून खाली. सरांचा नियम.

पायल : पुण्याहून आल्यापासून सरांचंच चालू हाये तुझं. मी त्याच्यावर बाण नेला तर नाव उमटलं होतं. मातीच्या माठात इन्सुलिन थंड ठेवण्याचं काहीतरी. लिहिणारे दोघं. आजीच्या दवाखान्याचे डॉक्टर चंद्रशेखर, अन् आपली आजी.

जयमाला : आईचा कागद? तो यात आहे?

बेबीताई : काऊन माह्यं नाव घेऊन राह्यल्या दोघी?

पायल : इकडं बस आजी. साखरेच्या बिमारीवर जगात जेवढं संशोधन झालं, त्याचा हा नकाशा. एक ठिपका म्हणजे एक निबंध. कोणी कोणाचा आधार घेतला की मधात रेघ. मले तर हे तळ्यात उतरलेलं आभाळ वाटते. बोट लावलं तर थरथरंल.

बेबीताई : अन् आपला माठ त्यात हाये?

जयमाला : होता, आई. आत्ताच माझ्या हातून गाळला गेला.

बेबीताई : जाऊ दे. डॉक्टरसाहेब शेवटच्या दुखण्यातबी विचारत, सिस्टर, आपला कागद कोणी वाचला असंल का? मी म्हणो, वाचला असंल. मनातून मले काही खरं वाटे नाही.

पायल : आत्या, चाळणी सैल कर ना.

जयमाला : उद्या द्यायचाय हा. सर म्हणतील, नकाशा आणलास की सांडलेली ज्वारी?

पायल : सांडू दे. एकदा पाहू तर दे आजीले.

(जयमाला पाचाच्या जागी एक टाकते. लॅपटॉपचा पडदा ठिपक्यांनी भरत जातो.)

पायल : किती हळू उगवतात. वावरात कापूस फुटतो तसे. आधी एक बोंड, मग जिकडं पाहा तिकडं पांढरं... तो पाहा. पार कोपऱ्यात.

जयमाला : तीन रेघा. म्हणजे तिघांनीच आधार घेतला.

पायल : त्यातली एक कुठं चालली?

जयमाला : सुदानला. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत वीज नव्हती, तर त्यांनी आईसारखंच केलं. माठात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात औषधाची बाटली. पहिल्याच पानावर आईचं नाव आहे. आणि त्यांचा निबंध... एकशेबारा जणांनी घेतलाय. केनिया, हैती, कुठं कुठं.

पायल : आजी, तुझ्या माठाचं गणगोत.

बेबीताई : आपल्या देऊळघाटात तवा फ्रीज एकाच घरी होता. वस्तीतल्या सोजराबाईले रोज इन्सुलिनची सुई लागे, अन् ते लोक शिवाशिवीपायी आपल्या माणसाची बाटली आत ठेवू देत नव्हते. म्हणून त माठ केला मी.

जयमाला : निबंधात हे नाही, आई.

बेबीताई : तिथं फक्त आकडे लागत होते. तीन टाईम पारा पाहून मीच लिहिले, सारा उन्हाळा.

पायल : मग आत्या, उद्या कोणता नकाशा?

जयमाला : हाच. सरायले मी सांगीन. ते काही मले खात नाहीत.

पायल : आली बाई आत्या घरी.

बेबीताई : जयमाला, त्या सुदानवाल्याईनं वाळू कितीदा भिजवा म्हणून लिहिलं?

जयमाला : रोज सकाळी एकदा.

बेबीताई : पाह्य बरं. दुपार कलली का अजून एकदा भिजवा लागते. डॉक्टरसाहेबाले सांगायचं माह्याकडूनच राह्यलं... त्या सुदानवाल्याईले कळवता येते का?