उणे साडेसात

नाही हो मावशी, बसा निवांत, यात कसली दुरुस्ती — नुसता स्क्रू ढिला झालाय. एका हाताने ओढून काढता ना चष्मा? — काढता, मला काडी बघूनच कळतं. दोन्ही हातांनी काढायचा, असा, समोरून. आणि तो दुसरा, मुलाचा म्हणालात, तो राहू द्या पिशवीतच, आधी तुमचा होऊ दे, एका वेळी एक काम. हं, काय विचारत होतात? — ते चित्र होय? अक्षरांच्या तक्त्याशेजारचं? अहो, सगळेच विचारतात. डोळे तपासायच्या खोलीत हा दाढीवाला धनुष्य घेऊन काय करतोय म्हणून. टेहळ्या तो. ‘बुरूज’ म्हणून व्हिडिओ गेम आहे, त्यातला. तुमच्याकडे नातवंडं खेळत असतील की — नाहीत? एकच मुलगा, आणि लग्न व्हायचंय. होईल हो, घाई काय आहे. करतो काय? — सध्या घरीच असतो. असू दे, हल्ली घरोघरी तेच चाललंय.

तर टेहळ्या. तो बुरजावर बसून असतो बघा. बाकीचे सगळे खेळात इकडे तिकडे हिंडतात, लढतात, घोडे काय, बोटी काय — हा मात्र जागचा हलायचा नाही. त्याला लांबचं दिसतं. दरीपलीकडे गवत हललं तरी दिसतं. खाली गाव झोपलेलं असतं आणि तो म्हणतो, “झोपा, मी जागा आहे.” बस, एवढंच एक वाक्य. तुम्ही हसाल, पण वडील अंथरुणाला खिळले होते ना माझे, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी हाच खेळ खेळायचो. हे दुकान त्यांचंच, मला शिकायचं होतं दुसरंच काहीतरी, पण ते पडले आणि मी इथे बसलो तो बसलोच. मग टेहळ्या माझाच वाटायला लागला. जागचा न हलणारा. ते वाक्य मी वडिलांनाही म्हणायचो — झोपा, मी जागा आहे. बायको म्हणते, चाळिशी लागली तरी खेळ सुटत नाही. म्हटलं, चाळिशी मीच विकतो, मला नको सांगूस.

जरा मान वर करा, बसवून बघतो. हं — तिरका बसतोय. उजवा कान जरासा खाली आहे तुमचा, म्हणून. घाबरू नका, ऐब नाही तो, असतं एखाद्या घराण्यात. काडी किंचित वाकवली की झालं. थांबा, गरम करून घेतो.

हां, तर या खेळावर सिनेमा निघणार असं ठरलं. आमचा ग्रुप आहे — बुरूजकर म्हणतो आम्ही स्वतःला — लाखांत माणसं आहेत त्यात, आणि मी त्याचा चालक, उगीच सांगत नाही. आनंद काय विचारता! लोक रडले अक्षरशः. आणि मग नट जाहीर झाला. — अहो मावशी! कोण निवडावा? तो साबणाच्या जाहिरातीतला. गुळगुळीत गालांचा, लोण्याचा गोळा नुसता. उन्हात उभा केला तर वितळेल, तो बुरजावर काय राखण करणार? डोक्यात तिडीक गेली माझ्या. त्या दिवशी गिऱ्हाइकांचे नंबर चुकले असते, म्हणून दुकान लवकर बंद केलं. ग्रुपवर नुसती आग. कुणी म्हणे हनुवटी नाही, कुणी म्हणे खांदे नाहीत, कुणी त्याच्या फोटोला टिकली लावली. मग घोषणा निघाली — ‘पडदा पाडा!’ म्हणजे सिनेमा बंदच पाडा, सुरू व्हायच्या आत. छान होती घोषणा. माझी नाही, दुसऱ्याच कुणाची. माझं ते नंतरचं.

नंतरचं म्हणजे — काही नाही, त्याला चष्मा आहे ही बातमी फुटली कुठून तरी. एरवी काचा डोळ्यांत घालून फिरायचा ना, लेन्स, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. आणि नंबर केवढा? उणे साडेसात! दोन्ही डोळ्यांना! चष्मा काढला तर स्वतःचा पसरलेला हात धड दिसायचा नाही, आणि हा म्हणे टेहळ्या. आंधळ्याच्या हाती बुरूज! ग्रुपवर एकच ओळ पडली — ‘बुरूजकरांनो, आपल्याला साडेसाती लागली आहे.’ बस्स. साडेसात, साडेसाती. लोक लोळले हसून. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कुणी घेईना, जो तो साडेसातीच म्हणायचा. वर्तमानपत्रातसुद्धा आलं. एका ओळीत काम तमाम. विनोद जमावा लागतो मावशी, येरागबाळ्याचं काम नाही ते.

आणि चष्मासुद्धा त्याला नीट बसायचा नाही, उजवा कान जरा खाली — काडी वाकवून द्यावी लागली — 

मला कसं ठाऊक? कळतं हो, धंदाच आहे, फोटोवरून कळतं. — बरं, आता तुम्ही अशा बघताय तर सांगतो, तुम्ही कशाला कुणाला सांगायला जाताय. आला होता तो. इथेच, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. टोपी डोळ्यांवर ओढून, नाव भलतंच सांगितलं. मोठ्या दुकानात गेलं की बोभाटा होतो, म्हणून या गल्लीत आला. पण मी त्याचे डोळे भिंगाखाली बघतोय, मला तो ओळखू येणार नाही? महिनाभर त्याच तोंडाला शिव्या घालत होतो. वागायला बरा होता, खोटं कशाला बोलू. या चित्राकडे बघून म्हणाला, “याचं काम मला मिळालंय, भीती वाटते.” आणि जाताना म्हणाला, “नंबरचं कुणाला बोलू नका हं.” मी म्हटलं, आमचा धंदा विश्वासाचा आहे. आणि विश्वासाचाच आहे! डोळ्यांचा नंबर मी कधी कुणाचा दुसऱ्याला सांगितलेला नाही. पण हे वेगळं होतं की नाही? हा एका माणसाचा नंबर नव्हता, लाखो लोकांचा टेहळ्या होता. तो दाराबाहेर पडला आणि मी फोन उचलला. हात थांबेचना. काय करणार?

बायको चिडली. म्हणाली, “त्यालाही आई असेल.” म्हटलं, असेल की, आई काय सगळ्यांनाच असते, म्हणून काय कुणालाही टेहळ्या करायचा? — पाणी देऊ का? नको? चेहरा उतरल्यासारखा वाटला. उकडतंय आज.

मग तो कार्यक्रम झाला, पहिलं पोस्टर दाखवायचा. आमची पोरं ठरवून गेली. कल्पना एकदम साधी — प्रत्येकाच्या हातात डोळे तपासायचा तक्ता, आणि तो मंचावर आला की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, “वाच!” तक्ता मीच पाठवला छापायला. हो, मग, काहीतरी आडवंतिडवं छापलं असतं पोरांनी, अक्षर मापात हवं, लांबी-रुंदीचा हिशेब असतो त्याला. छान झालं ते. तो बिचारा हसत होता आधी. एक-दोन अक्षरं वाचलीसुद्धा त्याने. लोकांना ते आवडायला हवं होतं खरं म्हणजे. मी टीव्हीवर बघत होतो, मला वाटलं, आता हसतील आणि सोडतील. पण त्याने वाचली म्हणून लोक जास्तच पेटले. बाहेर पडताना घेरला. कुणीतरी चष्मा ओढला, कुणाचं तरी कोपर लागलं — कोपर की बुक्की, ते दिसलं नाही, गर्दीच तेवढी. कोपरच असेल.

मी बजावलं होतं, हां! ते कुणी सांगत नाही. ग्रुपवर स्वच्छ लिहिलं होतं मी — ‘लांबून ओरडा, अंगाला हात लावू नका, एवढ्या नंबरवाल्याचा डोळ्याचा पडदा पातळ असतो, फटका बसला तर सुटतो.’ त्यालाही सांगितलं होतं इथेच, चेंडू-बिंडूपासून डोळे जपा म्हणून. आणखी काय करायचं माणसाने? आता ते वाचून कुणी खाली लिहिलं, ‘मग पाडा की पडदा’ — तो त्याचा दोष. मी काढून टाकणार होतो ते. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि परत बघतो तर हजारो लोकांनी त्याला अंगठे दिलेले. हजारो लोकांपुढे मी एकटा काय करणार?

आणि झालं काय शेवटी? काही नाही! ‘किरकोळ दुखापत’ — बातमीतच होतं. मग म्हणे प्रकृतीच्या कारणास्तव सिनेमा सोडला. प्रकृती कसली, नाटक सगळं, सहानुभूती हवी. आम्ही जिंकलो, तेवढं खरं. ग्रुपवर जल्लोष. नंतर दुसरा नट घेतला, तर आता तो म्हणे फार काळा आहे आणि पाय वाकडे आहेत. चाललंय परत. मी नाही त्यात फारसा. खरं सांगू? खेळ लावला ना हल्ली, तर तो ते वाक्य बोलायच्या आधीच बंद करतो. का कुणास ठाऊक. कंटाळा आला असेल.

झाला तुमचा. घाला बघू. हां, आता कसा सरळ बसला! वाचा ती खालची ओळ — वाचता येतेय ना? रडताय कशाने? नवीन बसवला की डोळ्यांतून पाणी येतं कधी कधी, थांबेल. आता तो दुसरा द्या, मुलाचा. — अरेच्चा, ही डबी तर आमचीच! दुकानाचं नाव आहे वर. मघाशीच सांगायचं नाही का मावशी, गिऱ्हाईक आमचंच निघालं की. रुमालात कशाला एवढा जपून — हां. आलं लक्षात. पाय पडला का कुणाचा याच्यावर? चौकट पार पिचलीये. डावी काच गेली. उजवी धड आहे. जाड नंबर दिसतोय, पातळ करून घेतलेली काच आहे, हे काम आम्हीच — 

ही उजवी काडी.

ही मी वाकवलेली आहे.

मावशी, कान — नाही, काही नाही. जरा बसतो मी. तुम्ही बसा, मी बसतो. — चौकट सरळ करून देतो. देतो ना. डावी काच नवी घालायची. हो. नंबर तोच ठेवू ना, उणे — तोच नको? मग? साधी? साधी म्हणजे कसली, बिननंबराची? अहो, पण बिननंबराची घातली तर डाव्या डोळ्याला काही दिसणारच नाही — 

दोनदा. दोनदा ऑपरेशन करून?

उजेडसुद्धा नाही? हात हलवला तर? — बातमीत किरकोळ होतं हो. किरकोळ लिहिलं होतं त्यांनी. मी वाचलं होतं.

तुम्ही मघाशी म्हणाला का नाहीत? मी बोलत होतो तेव्हा, एकदा तरी — तुम्हीच विचारलंत चित्राचं. तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगत बसलो. तुम्हाला आधीपासून माहीत होतं? डबीवरचं नाव वाचून आलात की — नका सांगू. त्या चित्राकडे नका बघू मावशी, काढतो मी ते, आत्ता काढतो. नाही, बसून नका राहू अशा. काहीतरी बोला. नाहीतर नका बोलू.

साधी काच. आहे माझ्याकडे, लगेच बसते. दिसायला सारखीच दिसेल दोन्हीकडे, जाडी जुळवून देतो, बाहेरून कुणाला कळायचं नाही. कुणालाही नाही. पावती करतो. उजवा — उजवा मला पाठ आहे. डावा, शून्य. शून्य लिहितो. आणि नाव —

नको. नाव नका सांगू. मावशी, पाया पडतो, नाव नका सांगू, या तुम्ही आता.