दादाचा बांध मीच थांबवला

माझा जन्म खोडाळ्याकडचा, डोंगरावरच्या पाड्यातला, माळावर आमची नागली-वरई आन् उतारावर भाताची चार खाचरं. आमी दोघं भाऊ. आई-बाप लवकर गेले तर दादानंच मला वाढवला, सातवीपर्यंत शाळेत धाडला, सवताला मात्र सही येत नाय. म्हणून तर काय सांगू तुम्हाला ताई, माझा शब्द म्हंजे त्याला सरकारचा शब्द.

मंग मोजणीवाले सायेब आले. मला रोजावर घेतला, मोजणीची पट्टी धरायला. सायेब म्हणाला वर माळावर एक तळं करायचं, खाली दरीत एक, वीज उरली की खालचं पाणी वर चढवायचं, वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, आता पवनचक्क्या व्हायला लागल्या, वारा काय आपण सांगू तवा वाहतो का. मी विचारलं, सायेब, चढवायला लागते तेवढी वीज परत मिळते का. तो हसला, म्हणाला थोडी कमीच मिळते रे, पण नड असते तवा मिळते. मला ते पटलं. आमी नाय का नागली कणगीत ठेवत, थोडी उंदीर खातात, पण आखाडात तीच कामाला येते.

लाल टोकाच्या खुंट्या मारत मारत आमी दादाच्याच खाचरात आलो. पट्टी मीच धरली. दादा बांधावर बसून बघत होता.

आमच्यात काय असतं ताई, दर साली पावसाच्या आधी आख्खा पाडा एकमेकांचे ढासळलेले बांध घालतो, आज याचा, उद्या त्याचा, ज्याचा बांध तो भात आन् उडदाची आमटी घालतो. त्या साली दादाची पाळी आली तवा मी म्हणालो, दादा, पाण्यात जायच्या जागेला कशाला कंबर मोडतोस, माणसं फुकट राबतील. सायबानं असं सांगितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, माझ्याच तोंडातून गेलं. दादानं लोकांना परत धाडलं.

सायेब गेले ते गेलेच. दुसऱ्या साली दादा आला, म्हणाला कागद आला का रे, बांध घालू का आता. मी म्हणालो थांब. तिसऱ्या साली परत आला, परत म्हणालो थांब. मलाच काय माहीत नव्हतं, पण सायबांच्यात राहिलेला माणूस मी, माहीत नाय म्हणायची लाज वाटायची. चौथ्या पावसात मधला बांध फुटला आन् खालचे दोन घेऊन गेला. सकाळी बघतो तर खाचरात नुसता कातळ, माती सगळी खाली ओढ्यात.

तळं काय झालं नाय. कुणी म्हणतं दुसरीकडं गेलं, कुणी म्हणतं कागदात पडलंय. दादा ह्या वयात भिवंडीकडं वीटभट्टीवर जातो, वहिनी पण जाते. मला कधी बोलला नाय. बोलला असता तर बरं झालं असतं, शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

एकदाच बोलला. भट्टीवरून आला होता, मी दगड जमवून त्याचा बांध रचायला घेतला होता. उभा राहिला, बघितलं, म्हणाला बांध घालशील रे, पण आत काय, कातळ? पाणी वर चढवायचं मशीन असतं म्हणालास, माती वर चढवायचं असतं का, विचार तुझ्या सायबाला.

टोपली घेतली आन् ओढ्यात उतरलो.

तवापासून दर उन्हाळ्यात आणतो माती, डोक्यावरून. गुडघे राहिले नाय आता. पहिलं खाचर वीतभर भरलंय, त्यात औंदा दादाच्या नावानं भात लावीन. देवानं त्याला ते खायाला घरी ठेवावा, एवढंच मागतो.