साहेबाच्या टेबलावर गोगलगायी

काय सांगू बाई, मी जास्त बोलत नाही म्हणून सासरी मले सारे गोगलगायच म्हणत. यंदा खऱ्या गोगलगायींनी आमची दोन वर्षं जपलेली संत्र्याची कलमं खाल्ली. पंचनाम्याचा अर्ज घेऊन मी तालुक्याच्या हापिसात गेली, तर साहेब हसला. म्हणे, "गोगलगाय लय गरीब असते हो, ती काय नुकसान करणार?" दोनदा त्यानं असंच परत धाडलं. तिसऱ्या खेपेले मी बादलीभर गोगलगायी नेल्या अन् त्याच्या टेबलावर ओतल्या. साहेब खुर्चीवरच चढला.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"पुरावा आणला. बागेत येता, का उद्या ट्रॅक्टर भरून आणू?"

दुपारी साहेब आमच्या बागेत हजर होता, पायात गमबूट घालून.