अनोळखी माणूस पाहिजे

शिराळ्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत राजेश्वरी मॅडम तोंडाला ओढणी गुंडाळून बसल्या होत्या. मागच्या बाकावरचा आवाज त्यांच्याच पत्रकारितेच्या वर्गातल्या समीक्षाचा होता.

“आत्या, अनोळखी माणसाची मुलाखत आजच द्यायची हाय. न्हाईतर मॅडम नापास करत्यात.”

“मग घेतलीस की त्या म्हाताऱ्याची.”

“तू मधीच पाव्हणं काढलंस. त्यो आपल्याच नात्यातला आजोबा निघाला.”

“निघाला त्याला मी काय करू? गाव इचारायचं न्हाई व्हय माणसाला?”

“कंडक्टरचंबी तसंच केलंस.”

“त्यो तर लय जवळचा. ही म्होरची बाई घे की. आवं ताई, गाव कंचं?”

“आत्या, तू गप बस.”

“मेढा,” मॅडम ओढणीआडून म्हणाल्या.

“मेढ्यात कुणाच्या?”

“शेलारांच्या.”

“नाथाजी शेलार कोण तुमचे?”

“सासरे.”

“आगं बया, नाथाजी म्हंजी आमचा चुलतमामा. समीक्षा, बंद कर त्यो मोबाईल आन पाया पड, काकू लागती तुझी. आन त्या तुझ्या मॅडमला सांग, आपल्या भागात अनोळखी माणूस गावत न्हाई म्हणावं.”

मॅडमनी ओढणी सोडली आणि मागं वळून पाहिलं.

“सांगितलंस तूच, आत्या,” समीक्षा म्हणाली.