गणिताच्या पेपराला जावई

...आन् वरून मलाच म्हणत्यात, "जाईबाई, परीक्षेत मान वळवायची न्हाय, एवढं साधं कळंना व्हय तुम्हाला?" आवं, कळतंय की! सातवी पास हाय मी, तवाची सातवी! पर तुम्हाला सांगते, मान वळवू नको तर काय करू? समोर जावई हुबा! माझ्या सुमनचा नवरा! हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन, फळ्याच्या म्होरं... आता तुम्हीच सांगा, मान वळवावी का न वळवावी?

न्हाय, थांबा. बुडापासून सांगते, न्हायतर तुम्ही बी अर्ध्यातच हसायला लागताल.

आमच्या बेंबळीत दूध घालायचं म्हणजे एकच ठिकाण, महांतप्पाची डेअरी. शेतात कुसळ उगवंना, पर दारात म्हस हाय म्हणून बायांचं घर चालायचं. आन् ह्यो महांतप्पा काय करायचा, चरवीत बोट बुडवायचा, बोट वर धरायचा, एक डोळा झाकायचा आन् म्हणायचा, "मावशेऽ, पाणी हाय!" आन् भाव पाडायचा. आवं, गावात प्यायला पाणी न्हाय, टँकरमागं पळून पळून टाचा फुटल्यात, आन् दुधात घालायला कुठनं आणू रं बाबा पाणी? तर आमी बायांनी ठरवलं, आपली आपण दूध सोसायटी काढायची. गेलो धाराशिवला हापिसात. सायेब गोड हसला. म्हणला, "कल्पना छान आहे हो, पण सेक्रेटरी मॅट्रिक पास पाहिजे." झालं! बायांत मॅट्रिक कोण? कुणीच न्हाय. हे महांतप्पाला कळलं तर त्यो काय म्हणला? "मग मी हाय की! मी व्हतो तुमचा सेक्रेटरी!"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या. म्हणल्या, "जाई, तू सातवी हाईस. आता तीनच ऱ्हायल्यात की!" जशा काय तीन भाकरी थापायच्या ऱ्हायल्यात!

आन् आमचे मालक! दरसाल चौदा एप्रिलला वस्तीत भाषण ठोकत्यात, "बायांनी शिकलंच पायजे!" टाळ्या! आन् म्या भायेरून मॅट्रिकला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तर म्हणत्यात, "शीक की, म्या कुठं न्हाय म्हणलं? पर कालवण आधी बघ." तरी शिकले बगा. दिवसा रोजगार हमीवर खडी फोडायची, मधल्या सुट्टीत मातीत त्रिकोण काढायची. मुकादम म्हणायचा, "जाईबाई, करणी करायलीस व्हय कुणावर?" म्या म्हणलं, "न्हाय वो, माझ्यावरच कुणीतरी केलीय!"

तर परीक्षा आली. केंद्र धाराशिवला. समदी मिसरूड फुटलेली पोरं, रिबिनी लावलेल्या पोरी, आन् मधी मी, गुडघे बाकात अडकलेले. मराठीचा पेपर झक्कास गेला. हिंदी तर काय, शेजारच्या चाचीसंगं जल्मभर भांडले, ते काय मराठीत भांडले व्हय?

आन् उजाडला गणिताचा दिवस. नेहमीच्या बाई आजारी पडल्या, ऐनवेळंला तेर गावाकडचे कुणी मास्तर बोलावले. मी मान खाली घालून बसलेले... तेवढ्यात समोर बूट दिसले. काळे बूट. डाव्याचा टवका उडालेला. बूट वळखीचे! लग्नात आमीच घेतलेले! तुम्ही म्हणताल, बुटावरनं कसा काय जावई वळखला? आवं, बुटावरनंच वळखते मी त्याला! चार वरसं झाली लग्नाला, तोंड कुणी बघितलंय? आमच्याकडं जावयाच्या म्होरं पदर डोळ्यावर आन् डोळे भुईवर. ताट वाढते ते बी पायाकडं बघून.

मी ताडकन् उठून हुबी! जावई हुबा आन् सासू बसलेली? शोभतं का? पोरं खीखी हसायलीत. बूट दोन पावलं मागं सरले. मग जावायबापूचा आवाज आला, भिंतीकडं तोंड करून, "त्यास्नी म्हणावं... बसा." आता कुणी म्हणावं? म्होरच्या बाकावर हरणा नावाची एक पोरगी, तिला हिकडनं तिकडनं निरोप. "मावशे, सर म्हणत्यात बसा." म्या म्हणलं, "सरांना म्हण, आधी तुम्ही बसा." "सर, मावशी म्हणती आधी तुम्ही बसा." "म्हणावं, मला बसायची परवानगी न्हाय!" त्या पोरीचं निम्मं गणित आमच्या मानापानातच गेलं बगा.

शेवटी टेकले एकदाची. पर समोर जावई हुबा! म्हणून मी अंग वळवून दाराकडं तोंड केलं. जावायबापूला वाटलं, आपल्यापायी सासूबाई अवघडल्या, म्हणून बिचारा सरकून मागं गेला. आता आली का पंचाईत? जावयाला पाठ दावायची? छ्या! मी वळले खिडकीकडं. त्यो खिडकीकडं आला, मी वळले दाराकडं. त्यो दाराकडं, मी मागं! आवं, जात्याच्या खुंट्यागत गरागरा फिरायलेय मी बाकावर, आन् हातात पेन, आन् पेपरात नफातोटा! तुम्हीच सांगा, मान वळवावी का न वळवावी?

तेवढ्यात जीप थांबली. भरारी पथक! गॉगलवाला सायेब आत आला आन् सरळ माझ्याच बाकापाशी. "बाई, केव्हाचा खिडकीतून पाहतोय मी. सारख्या मागे वळताय. मागच्या मुलाचं बघून लिहिताय ना? बोला!" बोलू काय? जावई हुबा! जावयाच्या म्होरं सासूनं त्वांड उघडायचं? मी पदर अजून खाली वडला. "बोलत नाही? म्हणजे कबूल! दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही तुम्हाला!"

दोन वरसं! डोळ्याम्होरं महांतप्पाचं बोट आलं. मग सायेब वळला जावयाकडं. "आणि मास्तर, तुम्ही काय करत होता? ओळखता का या बाईंना?"

आता बगा. व्हय म्हणला तर नातेवाईक निघाला, नोकरीवर गदा. आन् म्या खरं सांगावं तर माझ्या लेकीची चूल इझायची. मी म्हणलं, जाऊ दे जाई, दोन वरसं तर दोन वरसं, गप ऱ्हा. आन् पदराआडनं, तुम्हाला सांगते, चार वरसात पहिल्यांदा मान वर करून जावयाचं तोंड बघितलं. घामानं डबडबलेलं... आवं, लेकरूच की वो! मी उगंच एवढी भ्यायले त्याला! लई वाईट वाटलं मला. आन् ते लेकरू म्हणतंय, "साहेब, या माझ्या सासूबाई आहेत. मला आत आल्यावर कळलं. माझ्यावर काय करायची ती कारवाई करा, पण त्यांनी कॉपी केली नाही. त्या मला लाजून फिरत होत्या."

सायबानं गॉगल काढला. माझा पेपर उचलला, मागच्या पोराचा उचलला, दोन्ही शेजारी धरले. बघितलं. परत बघितलं. मागच्या पोराचं समदं बरोबर. माझं समदं चूक! नफ्याच्या जागी तोटा, तोट्याच्या जागी नफा! सायेब म्हणला, "कॉपी केली असती तर इतकं चुकलं नसतं. सोडा यांना." जावयाला दिला शेजारच्या खोलीत धाडून, आन् मी सुटले.

सुटले खरी... पर त्याच पेपरात नापास झाले की वो! बाकी समद्यात पास, गणितात आडवी! ज्यानं वाचवलं त्यानंच बुडवलं!

बाया म्हणल्या, "आक्टोबरपतोर थांबू, पर महांतप्पा नको." आन् रविवारी सकाळी दारात बूट हाजीर. "मामी, पुस्तक काढा." दर रविवारी! समोरासमोर, पदर खांद्यावर! आधी कोंबडं कापा, जावयाला जेवू घाला, मग त्यानंच खायचं नळी फोडून आन् वरडायचं, "मामी, लक्ष कुठाय? हातचा ऱ्हायला!" सांगा, असला मास्तर कुणाला पडलाय का, ज्याला ताट वाढायचं आन् शिव्या बी त्याच्याच खायच्या?

पर खोटं कामून बोलू, आक्टोबरात पास झाले! गणितात लई चांगले मार्क! सोसायटी निघाली, पाटी लागली, सेक्रेटरी जाईबाई! बायांनी गुलाल उधळला, मला तर रडूच कोसळलं. आता समदं निवांत, म्हणलं. तर काल सुमनचा सांगावा आला. "आई, घात झाला. ह्यांना मॅट्रिकला गणितात तुझ्यापरीस बारा कमी पडले व्हते. हे सासरवाडीला यायचं न्हाय म्हणत्यात, माझ्यासंगं बी बोलंनात, अन्नावर रुसून बसल्यात."

आता आले का भोग? जावयाचा रुसवा कसा काढायचा, पोशाख करू का अंगठी घालू... न्हाय, ते करीन मी समदं. पर तुम्ही शिकलेली माणसं, एवढंच सांगा... मार्क वाढवून घ्यायचा फॉर्म असतो म्हणं बोर्डात, तसा कमी करून घ्यायचा कुठं मिळतो?