ब्रेक करकरला की

दातांची तार आवळून घ्यायला मी दाताच्या दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर गाल टम्म फुगलेली एक गरोदर ताई होती आणि तिची सासू.

"अगं, बाळंत झालीस की दाखवू दात. मी नाही का लवंग दाबून नऊ महिने काढले?"

"तुमचा तो दात कुठंय आता, आई?"

"पडला. पण तोंडातून ब्र नाही काढला मी!"

"माझ्या दाढेत पू झालाय. कालपासून घास उतरत नाही. बाळानं काय खायचं, माझा सोशिकपणा?"

"आणि इंजेक्शननं त्याला काही झालं म्हणजे?"

"बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, दाताचं इंजेक्शन चालतं, पू अंगात ठेवणं चालत नाही."

"मला नाही विचारलंस!"

"तुम्हाला विचारलं असतं, तर लवंगच मिळाली असती."

मी ओठ घट्ट मिटून घेतले, हसताना तार दिसायला नको म्हणून.

"आई, एवढी वर्षं तुम्ही बस डेपोत मेकॅनिक होतात. ब्रेक करकरणारी गाडी कधी बाहेर सोडलीत?"

"एकदाही नाही! साहेब ओरडले, ड्रायव्हर पाया पडला, तरी नाही!"

"मग?"

सासूबाईंनी वाकून तिचा फुगलेला गाल नीट पाहिला. तेवढ्यात आतून मदतनीस बाई आल्या.

"अय्या, गरोदर आहात? मग बाळंतपणानंतरच या ना."

"का म्हणून? सगळं विचारून आलीय ती. सून आहे माझी! चल गं, ऊठ. आणि बाई, डॉक्टरांना सांगा, गाडीत दोन पॅसेंजर आहेत. काम चोख पाहिजे!"