सावळ्या म्हणणारं कुणी

बारामती स्टँडवर मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकड्यावर सत्तरीच्या एका गृहस्थांनी पाठीवरची भलीमोठी सॅक उतरवली. इंदापूरच्या गाडीला थांबलेल्या बाईंना राहवलं नाही.

"तात्या, पुण्याला लेकाकडं का?"

"न्हाय. पुण्यावनं म्होरं डोंगरात. राजगडावनं तोरणा, तितनं रायगड. चालत."

"ह्या वयात? आन् राहायचं कुठं?"

"कुठं देवळात, कुठं गुहेत. रात पडंल तितं."

"सोबतीला कोण हाय?"

"कोण न्हाय."

"अगं बया! घरच्यांनी सोडलं तरी कसं?"

"घरी सुना-नातवंडं हायेत. आबा जेवा, आबा निजा. गावात समदी तात्या म्हणत्यात. माळेगावच्या कारखान्यात होतो, तितं सावळारामराव."

"मग मानच हाय की वो."

"हाय की. पर सावळ्या म्हणणारा थोरला भाऊ तेवढा उरला होता. औंदा तोबी गेला."

"आई गं."

"तितं कड्याम्होरं हुबं राहून मीच वरडतो, 'ए सावळ्याऽऽ!' समोरचा डोंगर जशीच्या तशी हाक मारतो. मग मी ओ देतो."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हसू नका."

"हसत न्हाय वो. तुमची गाडी लागली बगा."

"बाई, एकदा म्हणता का? नुसतं सावळ्या."

"मी?"

"हितं वळखीचं कोण न्हाय."

"न्हाय वो, तात्या. जीभच उचलत न्हाय."